रातांब्याच्या रंगाची गाडी

माझ्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली एक वही आहे. नोकरीत असताना कामाचे तास लिहून ठेवण्याची सवय लागली होती, तिच्यामुळे निवृत्तीनंतर घरी गाडी जोडण्याच्या या कामाचीही नोंद मी नेमाने ठेवली. परवा बेरीज करण्यासाठी त्या वहीतील रंगकामाची पाने उघडली, तेव्हा घासण्याच्या रकान्यात ४१२ तास निघाले आणि फवारण्याच्या रकान्यात, अस्तर, रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर हे सगळे धरून, ११ तास. गाडी पाहायला येणारा प्रत्येक जण मला त्या अकरा तासांबद्दल विचारतो. त्यांच्याविषयी सांगण्यासारखेही आहे आणि ते मी सांगेनच, पण या कामात मला जे काही समजले ते त्या चारशे बारा तासांत समजले, आणि ते आधी तळहाताला समजले, डोळ्यांना फार उशिरा.

गाडी म्हणजे १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरच्या, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीच्या, घाटाची हॉट रॉड. हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांच्या रोजच्या परिचयाचा नसेल, म्हणून थोडे मागे जातो. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांनी २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन पाचशे डॉलरच्या आत मिळणाऱ्या गाडीत बसवले. आठ सिलिंडरांचे इंजिन तोवर प्रामुख्याने महागड्या गाड्यांत असे. पुढे या फोर्ड जुन्या होऊन स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्यांचे मडगार्ड उतरवून वजन कमी केले, इंजिने उघडून सुधारली आणि म्युरॉक व एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या टणक, सपाट तळावर त्या पळवल्या. अशा सुधारलेल्या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या, यंत्रांशी खेळण्याची सवय झालेल्या तरुण सैनिकांनी या छंदाला खरा बहर आणला. १९३२ या सालातील शेवटच्या दोनावरून या गाडीला ‘ड्यूस’ म्हणतात. पत्त्यांतल्या दुर्रीला इंग्रजीत जे नाव आहे, तेच हे. नव्वद वर्षे होऊन गेली तरी तिच्या पुढच्या जाळीचा घाट आणि दारांखालून धावणारी चेसिसची वळणदार रेघ यांची बरोबरी करणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

मी मूळचा पेणचा. १९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकायला आलो आणि पुढची छत्तीस वर्षे याच परिसरात गाड्यांच्या गिअरबॉक्सची आखणी करण्यात गेली. आधी कागदावर, नंतर संगणकाच्या पडद्यावर. मी आखलेली दातेरी चाके किती गाड्यांत फिरत असतील याचा हिशेब मला करता येणार नाही, पण त्यांतले एकही चाक मी स्वतः कातलेले नाही, आणि हातात घेऊन त्याच्या कडा पाहण्याची वेळही क्वचितच आली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मोठा मेळा भरतो, तो १९९५ साली सुरू झाला तेव्हापासून आम्ही दोघे नवराबायको जवळजवळ दर वर्षी घडीच्या खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसत आलो आहोत. तिथे आपापल्या गॅरेजमध्ये जोडलेल्या गाड्या घेऊन येणारी माणसे मी पाहत असे, आणि घरी परतताना मनात एकच विचार असे की आपण आयुष्यभर गाड्यांच्या धंद्यात राहिलो, पण या माणसांना गाडी जशी माहीत आहे तशी ती आपल्याला माहीत नाही. २०१७ साली निवृत्त झालो आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नवी चेसिस आणि फायबरग्लासची बॉडी दारात येऊन उतरली.

जोडणीची हकीकत मोठी आहे आणि ती मी येथे थोडक्यातच आटोपतो. इंजिन शेवरलेचे, ३५० घनइंचांचे. फोर्डच्या घाटात शेवरलेचे इंजिन घालणे काहींना रुचत नाही, पण १९५५ पासून चालत आलेले हे घराणे हलके, आटोपशीर आणि सुटे भाग कुठेही मिळणारे आहे, आणि मला गाडी चालवायची होती. मडगार्ड मी ठेवले. मिशिगनच्या पावसात आणि खडीच्या रस्त्यांवर ते हवेतच, शिवाय त्यांच्या वळणाशिवाय ही गाडी मला अपुरी वाटते. विजेच्या तारा ओढताना एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. पोलादी गाडीत बॉडी हीच परतीची तार असते, पण फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला परतीची वेगळी तार द्यावी लागते. छत्तीस वर्षे गाड्यांच्या कंपनीत काढूनही या परतीच्या वाटेचा विचार मी कधी केला नव्हता.

घरी जोडलेल्या गाडीची पोलीस अधिकाऱ्याकडून रीतसर तपासणी होऊन क्रमांक मिळाला. मग रंग न देताच, करड्या जेलकोटच्या, म्हणजे फायबरग्लासवरच्या राळेच्या वरच्या थराच्या, उघड्या अंगाने, मी ती गाडी एक अख्खा उन्हाळा चालवली. या क्षेत्रातील जाणती माणसे हाच सल्ला देतात, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की गाडी चालल्याशिवाय काय घासते, काय हलते, आधाराचा कुठला कंस (ब्रॅकेट) बदलावा लागेल हे कळत नाही, आणि रंगानंतर छिद्र पाडण्याची पाळी येणे फार वाईट. दुसरे कारण फायबरग्लासचे. त्यातील राळ साच्यातून निघाल्यावरही दीर्घ काळ घट्ट होत राहते आणि किंचित आकसते. ते आकसणे उन्हात पुरते होऊ दिले नाही, तर महागड्या रंगाखालून काही महिन्यांनी तंतूंची वीण वर दिसू लागते. उन्हाळा संपला, तशी मी ती गाडी पुन्हा शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवली. चार वर्षे जोडलेली वस्तू आठ दिवसांत उलगडताना पाहून हिला वाईट वाटले. मला वाटले नाही, कारण खऱ्या कामाला आता सुरुवात होणार होती.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्याच्या रंगविभागात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. त्यांच्या खिडकीत सुपारीएवढा एक खडा ठेवलेला असतो, त्यात लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या रंगांच्या केसासारख्या बारीक रेघा आहेत. तो दगड नाही. जुन्या कारखान्यांत गाड्यांवर रंग फवारताना उडणारा जादा रंग लोखंडी घोड्यांवर बसत असे, गाड्यांबरोबर भट्टीतून जाऊन कडक होत असे आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढून त्याचा जाड गठ्ठा होत असे. तो फोडून, कापून, घासून ही रत्ने काढतात आणि त्यांना फोर्डाइट म्हणतात. रंगकामाची पद्धत बदलली तशी ही खाण बंद पडली. तो खडा त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात ठेवला आणि सांगितले, की यातील प्रत्येक रेघ म्हणजे माणसांची एकेक पाळी आहे.

ते गॅरेजमध्ये आले, उघड्या बॉडीजवळ उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. हातात सुताचा पातळ मोजा घातला आणि तळहात सपाट ठेवून डिकीपासून पुढे काउलपर्यंत, म्हणजे समोरच्या काचेपुढच्या भागापर्यंत, एका संथ लयीत नेला. मग परत येऊन चार ठिकाणी पेन्सिलीने गोल काढले. मी दिवा तिरका धरून पाहिले, पण मला काही दिसले नाही. मी हात फिरवला, तरी मला काही लागले नाही. बोटांच्या टोकांनी चाचपू नको, बोटांना छोटे खडे कळतात, लांबचा उतार कळत नाही. तळहाताचा मधला भाग टेकव आणि हात खांद्यापासून हलव, असे त्यांनी मला सांगितले. मोजा घालायचा तो एवढ्यासाठी, की कापड पृष्ठभागावरून सहज सरकते आणि घर्षण मधे न आल्यामुळे उंचसखल तेवढे जाणवते. तो सगळा हिवाळा मी दररोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे डोळे मिटून त्या गाडीवरून हात फिरवत असे. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी डाव्या दाराच्या मध्यावर माझा हात आपोआप मंदावला. तिथे कार्डाच्या जाडीइतकाही नसलेला खोलगटपणा होता. मी पेन्सिलीने गोल काढला आणि काही वेळ स्टुलावर बसून राहिलो.

घासण्याची रीत सांगायला सोपी आहे. साच्यातून सुटण्यासाठी लावलेले मेण आधी रसायनाने पुसायचे, मग जेलकोट खरवडायचा, त्यावर एपॉक्सीचे अस्तर द्यायचे, खोलगट जागी लांबी (पुट्टी) भरायची आणि ती ८० नंबरच्या खरखरीत घासकागदाने उतरवायची. मग फवारता येणाऱ्या जाड अस्तराचे तीन हात, ते वाळल्यावर त्यावर कोरडी काळी पूड चोळायची आणि हातभर लांब ठोकळ्याला कागद लावून तिरक्या रेघांनी घासायचे. आधी एका तिरकस दिशेने, मग उलट दिशेने, म्हणजे फुल्या पडत जातात. उंच जागची काळी पूड आधी जाते, खोल जागी ती उरते. उरलेला काळा डाग दिसला की आजूबाजूचे सगळे खाली आणायचे, किंवा पुन्हा लांबी. १८०, ३२०, ४०० आणि शेवटी पाणी घालून ६०० नंबर. डाग नेमका जिथे आहे तिथेच बोटाने दाबून घासण्याचा मोह फार होतो, आणि तसे केले की तिथे खड्डा पडतो, जो आज दिसत नाही पण चकाकी आल्यावर लांबून दिसतो. रंग दोष झाकतो असे मला आयुष्यभर वाटत आले होते. प्रत्यक्षात चकचकीत रंग हा आरसा असतो, आणि त्या आरशात दारावरून जाणारी झाडाची फांदी वाकडी झाली की खालचे सगळे उघडे पडते.

अशा पाण्याच्या घासकामात तासन् तास गेले की मला पेणचा आमच्या घराशेजारचा गणपतीचा कारखाना आठवे. आषाढातल्या पावसात आम्ही मुले तिथे जाऊन बसत असू. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात, तिथे कानामागून, दंडावरून एक बारीक धार येते. ती धार ओल्या फडक्याने आणि पॉलिश पेपरने उतरवण्याचे काम नव्या पोरांकडे असे, आणि ते काम पुरते झाल्याशिवाय मूर्तीला पांढरा हात मिळत नसे. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, येता-जाता मूर्तीच्या सोंडेवरून अंगठा फिरवत आणि काही न बोलता ती मूर्ती पुन्हा पोरासमोर ठेवत. अण्णांना त्या अंगठ्याने काय सांगितले असेल, हे मला पेणहून इतक्या दूर, इतक्या वर्षांनी, मिशिगनच्या बर्फात उमगले. माझ्या गाडीच्या बॉडीलाही साच्याच्या जोडाची तशीच धार होती आणि ती अगदी मडगार्डच्या वळणावरून गेली होती.

रंग कोणता द्यायचा, यावर घरात वर्षभर चर्चा झाली. मुलाला काळा हवा होता. हिने एके दिवशी फ्रीजमधून आमसुलाच्या आगळाची बाटली काढली, काचेच्या वाटीत थोडे आगळ ओतले आणि वाटी खिडकीच्या उन्हात ठेवली. कडेला लाल, मध्ये जवळजवळ काळा. पिकल्या रातांब्याचा रंग. त्यानंतर चर्चा झाली नाही. दुकानातील मुलीने तो रंग यंत्राने जुळवायचा प्रयत्न केला आणि मग यंत्र बाजूला ठेवून डोळ्यांनी तिसऱ्या खेपेला जुळवला. लाल रंगाची एक अडचण असते: तो खालचे पुरते झाकत नाही, प्रकाश आत शिरतो आणि खालच्या थरावरून परत येतो. म्हणून त्याखाली कोणत्या छटेचा करडा थर द्यायचा, हे रंग निवडण्याइतकेच महत्त्वाचे ठरते, आणि आम्ही पाच पत्र्यांवर पाच करड्या छटा लावून त्यातून एक निवडली.

या रंगांविषयी एक गोष्ट गांभीर्याने सांगितली पाहिजे. आजच्या टिकाऊ दोन-घटक रंगांत आणि पारदर्शक थरात जो घट्ट करणारा भाग मिसळतात, त्यात आयसोसायनेट असतात. माझ्या पिढीच्या भारतीय माणसाला हा शब्द डिसेंबर १९८४ मधील भोपाळमुळे माहीत आहे. तिथला वायू वेगळा होता, पण रासायनिक कुळ एकच, आणि फवाऱ्यातून उडालेले हे द्रव्य श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. त्याला जाणवण्याजोगा वास नसतो, त्यामुळे मुखवट्यातील कोळशाची गाळणी कधी निकामी झाली हे नाकाला कळत नाही. म्हणून मी स्वच्छ हवा बाहेरून नळीने आणणारे शिरस्त्राण घेतले, अंगभर कपडे व मोजे घातले आणि त्या दिवशी घरातल्या कोणालाही गॅरेजकडे फिरकू दिले नाही. घरी रंग देऊ पाहणाऱ्यांनी या खर्चात काटकसर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जूनमध्ये आमच्याकडे कॉटनवूडच्या झाडांचा कापूस सावरीच्या कापसासारखा हवेत तरंगतो आणि जुलैत दमटपणा असतो, म्हणून सप्टेंबरचा एक शांत दिवस निवडला. तापमान २१ अंश सेल्सिअस होते. गॅरेजला प्लास्टिकचे पडदे लावले, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या गाळण्या लावलेले पंखे बसवले, धूळ बसावी म्हणून जमीन ओली केली आणि कॉम्प्रेसरच्या नळीतील पाणी काढून टाकले. बॉडी रसायनाने दोनदा पुसली आणि चिकट फडक्याने शेवटची धूळ टिपली. मग मोजा घालण्यापूर्वी, सगळ्या हिवाळ्याच्या सवयीने, मी उघडा तळहात काउलवर टेकवला आणि एकदा मागेपर्यंत फिरवला.

करडा थर व्यवस्थित बसला असे त्या प्रकाशात मला वाटले. रंगाचा पहिला हात दिला तेव्हा काउलवर माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे उमटू लागले. रंग तिथून आपणहून मागे सरत होता. असे खळगे तेलाने किंवा सिलिकोनने पडतात, एवढे मला माहीत होते. मी थांबलो, पंखे चालू ठेवून बाहेर आलो आणि शेजाऱ्यांना बोलावले. रंग वाळून हवा स्वच्छ झाल्यावर त्यांनी आत जाऊन खळगे मोजले आणि त्यांवर, न टेकवता, स्वतःचा हात पसरून धरला. पाच बोटांच्या पेरांखाली आणि तळव्याच्या उशीखाली ते बरोबर बसत होते. पाण्याच्या घासकामाने माझ्या हातांना भेगा पडत होत्या आणि रोज रात्री मी त्यांना मलम लावत असे. घरात जाऊन आम्ही बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. त्यात सिलिकोन होते.

त्या भागाचा रंग उतरवून, घासून, पुन्हा पुसून, पुन्हा करडा थर देण्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मला राग आला नाही, पण एक गोष्ट फार लागली. ज्या हाताने मला सगळे शिकवले, त्याचाच ठसा तिथे उमटला होता. दुसऱ्या खेपेला मी मोजे आधी घातले आणि हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फेरी मारली. मग रंगाचे चार हात, प्रत्येकाच्या मध्ये वाळायला वेळ, फवाऱ्याचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत, मनगट न वळवता; आणि त्यावर पारदर्शक थराचे तीन हात. शेवटच्या हाताला उजव्या मडगार्डखाली एक ओघळ आला. तो पुरता कडक होऊ दिला आणि आठवड्याने १००० नंबरच्या ओल्या कागदाने उतरवला. पुढे सगळी गाडी १५००, २००० आणि ३००० नंबरने घासून, कडांवर चिकटपट्टी लावून, कारण कडेवर थर पातळ असतो आणि क्षणात जातो, पॉलिशच्या यंत्राने चकाकी आणली.

त्या सर्व काळात हिवाळ्यातल्या रात्री मी आणखी एक अभ्यास चालवला होता. दारांच्या वरच्या रेषेला समांतर हस्तिदंती रंगाची एक बारीक रेघ मला हवी होती. खारीच्या केसांचा, तलवारीच्या पात्यासारखा लांब ब्रश असतो. तो इनॅमलमध्ये बुडवून जुन्या मासिकाच्या पानावर ओढून त्यातला रंग नेमका करायचा आणि काचेच्या तावदानावर रेघा मारून पुसायच्या. मी पाच महिने त्याच तावदानावर रेघा मारल्या. पेणला मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अण्णा स्वतः करत, सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली असे आणि ब्रश उचलेपर्यंत आम्हा मुलांनाही श्वास सोडण्याची परवानगी नसे. मी करंगळी दाराच्या कडेला टेकवली. डाव्या बाजूची रेघ एका दमात उतरली. उजव्या बाजूला आरशाच्या जागेजवळ ती किंचित जाड झाली आहे आणि ती मी तशीच ठेवली आहे, कारण हाताने ओढलेल्या रेघेत ओढणाऱ्याचा श्वास दिसला तर मला ते खोटे वाटत नाही.

गाडी पुन्हा जोडताना प्रत्येक पाना फडक्यात गुंडाळून वापरला, आणि हे काम संथ असूनही त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुढची जाळी बसली. ही बाहेर आली, गाडीजवळ येण्यापूर्वी तिने हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, पदर खोचला आणि दाराच्या काठावरून वाकून आत पाहिले. मेपलची पाने लाल झाली होती आणि ती सगळी झाडे, सरळ, न वाकता, दारात उतरली होती.

संध्याकाळी शेजारचे गृहस्थ काठी टेकत आले. मी त्यांच्यासाठी सुताचा नवा मोजा आणून ठेवला होता. तो त्यांनी घातला, काठी माझ्याकडे दिली आणि डोळे मिटले. हात डिकीवरून निघाला, दारावरून गेला, काउलवर आला, आणि जिथे ते खळगे होते तिथे क्षणभर मंदावला. मग तो तसाच पुढे बॉनेटवर गेला, जाळीपर्यंत. त्यांनी डोळे उघडले, मोजा काढून घडी करून मला परत दिला, आणि दार उघडून शेजारच्या जागेवर बसत इंजिन चालू कर म्हणून सांगितले.